एक शब्द, तीन चौकश्या

व्हर्ना कंगासबद्दल आमच्या गावात दोन मतं आहेत. एक, त्या बाईचा एक स्क्रू ढिला आहे. दोन, ती नसती तर निम्म्या गावाची पोरं अजून पेट्रोल पंपावर कॉफी ओतत बसली असती. दोन्ही मतं एकाच माणसाची असतात, आणि दोन्ही तिच्या तोंडावर सांगायची कुणाची छाती होत नाही. मी बर्निस टोलोनन, शाळेच्या ऑफिसात बसते. तिची खोली माझ्या भिंतीपलीकडे, आणि भिंत पातळ आहे. म्हणून हे सांगतेय ते गावगप्पा म्हणून नाही.

व्हर्नाचं काम कॉलेजच्या अर्जांचं. ती याच शाळेत शिकली. तिच्या वेळी हे काम करणाऱ्या सरांनी तिला सांगितलं होतं, ‘मुली, टायपिंग शिक, बँकेत चिकटशील.’ ती टायपिंग शिकली, आणि त्याच टाइपरायटरवर सरांना न विचारता कॉलेजचा अर्ज टाइप करून मोकळी झाली. पुढं सर निवृत्त झाल्यावर त्यांच्याच जागेवर येऊन बसली. खुर्ची तेवढी बदलून घेतली. म्हणाली, ‘या खुर्चीत बसलं की माणसाला दुसऱ्याची पोरं छोटी दिसतात.’

लग्न केलं नाही. मी एकदा विचारलं, ‘कुणी विचारलंच नाही का गं?’ तर म्हणाली, ‘विचारलं होतं एकानं. पण परत फिरायची सोय नव्हती त्यात.’ असं बोलल्यावर तिला पुढं काय विचारणार.

सप्टेंबर लागला की तिचं एकच पालुपद सुरू व्हायचं: एक शब्द, तीन चौकश्या. जिथं जीव अडकलाय अशा एका कॉलेजला आधीच शब्द देऊन टाकायचा, की घेतलंत तर मी तुमच्याकडेच येणार. याला अर्ली डिसिजन म्हणतात, आणि हा शब्द एकालाच देता येतो. त्याच वेळी आणखी तिघांकडे नुसती चौकशी टाकायची, की मला घ्याल का ते लवकर सांगा, येईनच असं काही नाही. ही अर्ली अ‍ॅक्शन. शब्दाला वजन असतं, म्हणून दार जरा लवकर उघडतं. आणि नाहीच उघडलं तर चौकश्या असतात, पोरगं तोंडावर आपटत नाही. काही नखरेल कॉलेजं असतात, आमच्याकडे चौकशी केलीत तर दुसरीकडे शब्द द्यायचा नाही म्हणणारी. व्हर्ना त्यांना ‘संशयी नवरे’ म्हणायची आणि पोरांना त्यांच्या वाटेला जाऊ द्यायची नाही. मोठ्या शहरांतल्या श्रीमंत शाळांमधून हे सगळं पोरांना बाळकडूसारखं पाजतात. आमच्या वरच्या मिशिगनमध्ये, जिथं तांब्याच्या खाणी बंद पडून जमाना झाला, तिथं ते एकट्या व्हर्नाला माहीत होतं.

त्या वर्षी तिच्या खोलीत मार्नी पेल्कोला येऊन बसायला लागली. रेनो पेल्कोलाची एकुलती एक. रेनो काउंटीची बर्फ काढायची गाडी चालवतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, बापलेक दोघंच. मार्नीला शिकायचं होतं बर्फ. हिमनद्या, बर्फाचे थर, ते वितळतात कसे आणि का. गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली. आमच्याकडे एप्रिलमध्येसुद्धा खिडकीच्या वरपर्यंत बर्फ असतो. रेनोचा मेहुणा टोइवो तर भर दुकानात म्हणाला, ‘बर्फ शिकायला पूर्वेला कशाला जातेस? बापाबरोबर गाडीत बस, फावडं मी देतो.’ मार्नी म्हणाली, ‘मामा, तुम्ही जन्मभर बर्फ उपसलात. त्यातलं तुम्हाला काय कळलं ते सांगा, मी जात नाही.’ टोइवो नुसता टोपी नीट करत राहिला.

तिचा जीव अडकला होता पूर्वेच्या समुद्रकाठच्या एका छोट्या कॉलेजात. तिथली पोरं उन्हाळ्यात प्राध्यापकांबरोबर ग्रीनलँडला जातात. व्हर्नानं ठरवलं, शब्द तिथं. चौकश्या तीन, त्यातली एक आमच्या राज्याच्या विद्यापीठाला.

मुख्याध्यापक व्हिटलॉक साहेबांना हे मान्य नव्हतं. साहेब मोठ्या पुलापलीकडच्या, खालच्या मिशिगनमधून आलेले. आमच्याकडे त्यांना येऊन बरीच वर्षं झाली, तरी अजून ते पाहुणेच.

‘मिस कंगास,’ ते म्हणाले, ‘अर्ली डिसिजन हे आपल्या मुलांसाठी नाही. किंमत न बघता शब्द द्यायचा. पैसे पुरले नाहीत तर मुलगी मागं फिरणार, आणि नाव शाळेचं खराब होणार. साधा विद्यापीठाला अर्ज पाठवा.’

‘पाठवलाय. चौकशीचा.’

‘मग हा दुसरा कशाला?’

‘तिला तिथं जायचंय म्हणून.’

‘जायचं तर मलाही हवाईला आहे.’

‘मग जा ना. कुणी धरून ठेवलंय?’

भिंतीअलीकडे मी तोंडात रुमाल कोंबला.

घोडं अडलं ते सहीपाशी. शब्दाच्या कागदावर तीन सह्या लागतात, मुलाची, पालकाची आणि शाळेची. हल्ली संगणकावर नाव टाइप केलं तरी चालतं, पण व्हर्नाला ते पटत नाही. ‘शब्द देताना हात हलला पाहिजे,’ म्हणते. ती शाईनं सही घेते, कागद स्कॅन करून धाडते आणि मूळ कागद स्वतःच्या खणात ठेवते. रेनोला कागद दाखवला तेव्हा तो म्हणाला, ‘बघू.’ आमच्याकडे ‘बघू’ म्हणजे नाही. पुन्हा विचारलं तर पुन्हा ‘बघू’. आणि एक दिवस तो कँपवर निघून गेला.

आता हे बाहेरच्या माणसाला कसं समजवावं? पंधरा नोव्हेंबरला आमच्याकडे बंदुकीनं हरणं मारायचा मोसम उघडतो. त्या दिवशी शाळा बंद. दंतवैद्य बंद, बँकेत एकच मुलगी. गावातले झाडून सगळे पुरुष जंगलातल्या आपापल्या कँपवर, म्हणजे शिकारीच्या खोपटावर असतात आणि तिथं फोन लागत नाही. लागू नये म्हणूनच तर कँप तिथं बांधलेले असतात. पूर्वेकडच्या कॉलेजानं अर्जाची शेवटची तारीख ठेवली होती, पंधरा नोव्हेंबर. त्यांना कुठून ठाऊक असणार? पण रेनोला पक्कं ठाऊक होतं. नाही म्हणायची त्याची ही रीत होती.

पंधराच्या सकाळी व्हर्ना माझ्या घराच्या दारात उभी राहिली. मागं मार्नी, डोळे सुजलेले.

‘बर्निस, कोट घाल. नारिंगी. हरीण समजून कुणी गोळी झाडायला नको.’

‘कुठं?’

‘पेल्कोलांच्या कँपवर.’

‘अगं, मोसमाच्या पहिल्या दिवशी बायका कँपवर जात नाहीत.’

‘कायदा दाखव.’

कायदा नाहीच आहे. नुसतीच रीत. माझ्या आईनं पाळली, आजीनं पाळली, आणि मी नारिंगी कोट घालून गाडी सुरू केली. मार्नी मागून म्हणाली, ‘बाई, राहू दे. त्यांना नकोय तर नको.’ व्हर्नानं मागं वळूनही पाहिलं नाही. ‘तुला हवंय का तेवढं सांग.’ ‘हवंय.’ ‘मग गप बस.’

आम्ही पोचलो तेव्हा मंडळी जेवायला परतली होती. एकच खोली, भिंतीवर शिंगं, चुलीवर पास्ट्या गरम होताहेत, आतल्या मांस-बटाट्याचा वास सुटलाय, आणि टेबलावर पत्ते. तीन बायका दारात बघून टोइवोच्या हातातला काटा तसाच राहिला.

‘कोण मेलं?’ त्यानं विचारलं.

‘अजून कुणी नाही,’ व्हर्ना म्हणाली. ‘रेनो, सही.’

रेनो पत्ते पिसत होता. तोही तिचाच विद्यार्थी, त्यामुळे आवाज चढवायची सोय नव्हती. ‘बाई, मी जुनी कारसुद्धा किंमत न बघता घेत नाही.’

‘घेतलीस की ती हिरवी. दुसऱ्या महिन्यात तळ गळून पडला.’

टोइवो हसला. रेनो नाही हसला. ‘दुसरी गोष्ट. तुम्ही हिला इथं शब्द द्यायला लावताय आणि तिकडं विद्यापीठालाही अर्ज. दोन दगडांवर पाय. आमच्या घरात याला खोटेपणा म्हणतात.’

‘शब्द एकालाच आहे. बाकीच्यांना विचारलंय फक्त. तू चर्चच्या बाजारात भाव विचारतोस, म्हणजे सगळं घरी आणतोस का? आणि फीची मदत पुरली नाही तर शब्दातून मोकळं होता येतं. कागदातच लिहिलंय, खाली. वाच.’

रेनोनं वाचलं नाही. पत्ते पिसत राहिला. तेवढ्यात मार्नी पुढं आली. इतका वेळ ती दाराशी चिकटून उभी होती.

‘बाबा, मला जायचंय. नाही म्हणायचं तर म्हणा, मी परत फिरते. पण माझ्याकडे बघून म्हणा. जंगलात पळून येऊन नाही.’

चुलीवरची पास्टी करपायला लागली, ती कुणी उतरवली नाही. रेनोनं पत्ते खाली ठेवले, व्हर्नाच्या हातातून पेन घेतलं आणि सही केली. कागदावरचं एक अक्षर न वाचता. ‘केली,’ तो म्हणाला. ‘आता झालं. पेल्कोला सही करून मागं येत नाही.’

मला तेव्हा ते वाक्य फार आवडलं. पुढं त्याच वाक्यानं आमच्या नाकी नऊ आणले.

डिसेंबरात आधी विद्यापीठाचा होकार आला, चांगल्या शिष्यवृत्तीसकट. त्याच आठवड्यात पूर्वेकडूनही आला. मार्नी माझ्या ऑफिसात येऊन माझ्या गळ्यात पडली, मी रडले, व्हर्नानं कधी नव्हे ते माझ्या टेबलावरचं चॉकलेट न विचारता खाल्लं. मग सगळ्यांनी फीच्या मदतीचं पान उघडलं. मदत होती, पण बर्फाची गाडी चालवणाऱ्या बापानं उरलेलं भरायचं म्हणजे जन्म गेला असता. तोंडाला पानंच पुसली म्हणायची.

व्हिटलॉक साहेब लगेच हजर. ‘मी सांगितलं होतं. आता नियमाप्रमाणे विद्यापीठाचा अर्ज मागं घ्या. शब्द दिलाय.’

‘पैशाचं ठरेपर्यंत घेणार नाही.’

‘हा हुकूम आहे, मिस कंगास.’

‘लेखी द्या. मी त्यावरही सही करणार नाही.’

साहेब गेले. पण खरा धक्का दुकानात बसला. मी दूध आणायला गेले तर सहकारी दुकानाच्या फळ्यावर रेनोच्या अक्षरात चिठ्ठी: जंगल आणि कँप विकणे आहे. आजोबांपासूनचं जंगल. मी तिथूनच व्हर्नाला फोन केला. ती आली ती घरातल्या चपलांवर, बर्फातून. चिठ्ठी टराटरा फाडली. रेनो दुकानातच मागं, विकायच्या टायरांपाशी उभा होता.

‘रेनो, कागदात वाट आहे.’

‘सही करताना मी “पण” म्हटलं नव्हतं.’

‘तुझा बापही असलाच. खाण बंद झाली तरी महिनाभर डबा घेऊन फाटकापर्यंत जायचा. काय मिळालं त्याला?’

‘लोकांनी नावं ठेवली नाहीत.’

‘अरे, शब्द तू दिलास, त्यांनी नाही का दिला? गरज असेल तेवढी मदत करू म्हणून त्यांच्याच पत्रकात छापलंय. तुझी गरज त्यांनी मोजली, जंगल धरून मोजली, आणि म्हणताहेत विक. मग शब्द कुणी मोडला? हे नियम ज्यांनी केले ना, त्यांच्या पोरांना किंमत विचारावीच लागत नाही. आपल्यासारख्यांसाठी एक ओळ ठेवलीय खाली. ती वापरायची लाज तुला का वाटावी?’

तिचा आवाज एवढा चढला होता की गल्ल्यावरची मुलगी काम थांबवून बघत होती. रेनो मात्र हळू बोलला. ‘घर रिकामंच होणार आहे, बाई. ती गेल्यावर कँप ठेवून मी काय करू? कुणासाठी?’

व्हर्नानं फाटलेली चिठ्ठी खिशात घातली आणि त्याच्या दंडावर हात ठेवला. पाय ओले झालेत हे तिला घरी गेल्यावर कळलं.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉलेजला फोन लावला. माझ्या टेबलावरून, स्पीकरवर टाकून, कारण तिला साक्षीदार हवा होता. मार्नी होती. साहेबही दारात येऊन उभे राहिले. पलीकडची बाई गोड बोलत होती. मदतीचा फेरविचार झालाय, यापुढं शक्य नाही, असं म्हणाली. मग म्हणाली, ‘बहुतेक कुटुंबं काहीतरी सोय करतातच.’

‘आमच्याकडे सोय म्हणजे बापानं जंगल विकणं,’ व्हर्ना म्हणाली. ‘मोकळं करा मुलीला.’

‘आपली खात्री आहे ना? ही जागा सहसा कुणी सोडत नाही.’

व्हर्ना तोंड उघडणार, तोच मार्नीनं फोन स्वतःकडे ओढला. तीन वर्षं त्या कॉलेजचं चित्र तिच्या पलंगाच्या वर भिंतीला लावलेलं होतं, मी स्वतः पाहिलंय.

‘मी मार्नी पेल्कोला. तुम्ही मला हो म्हणालात, त्याबद्दल आभारी आहे. पण नाही मी म्हणतेय. माझे बाबा हिवाळ्यात पहाटेपासून सगळ्या गावाच्या वाटा मोकळ्या करतात. वर्षातून एकदा ते जंगलात जाऊन बसतात. ते विकून मी तुमच्याकडे बर्फ शिकणार नाही. बर्फ तुमच्या एकट्यांचा नाही.’

आणि फोन ठेवला. मग खाली बसून ढसाढसा रडली. आम्ही तिला रडू दिलं. व्हर्ना तिच्या शेजारी जमिनीवरच बसली, गुडघे दुखत असताना.

साहेब म्हणाले, ‘मिस कंगास, त्या कॉलेजात आता आपल्या शाळेला कोण विचारणार?’

‘पुढच्या वर्षी आणखी एकाचा अर्ज धाडते, तेव्हा कळेल,’ ती खालूनच म्हणाली. ‘दार ओढून घ्या जाताना. वारं येतंय.’

विद्यापीठाचा अर्ज तिनं मागं घेतलेलाच नव्हता. मार्नी तिकडे गेली. पूर्वेचं कॉलेज ते पूर्वेचं, उगीच खोटं कशाला बोलू. ग्रीनलँड नाही मिळालं. पण तिथंही बर्फाचा अभ्यास करणारे एक म्हातारे प्राध्यापक निघाले, आणि पहिल्याच महिन्यात तिनं त्यांच्याशी भांडण केलं, म्हणजे तिचं बरं चाललं होतं.

रेनो मात्र त्या डिसेंबरातच, ती जायच्या आधीच, रुसला. लेकीवर नाही, व्हर्नावर. दोन महिने तिच्या घरासमोरचा बर्फ तो काढायचा तसा काढायचा, पण हात वर करायचा नाही. मग फेब्रुवारीत एकदा गाडी बाहेर चालूच ठेवून बूट न झटकता माझ्या ऑफिसातून थेट तिच्या खोलीत गेला.

‘माझी सही परत द्या.’

‘काय करणार?’

‘माझी आहे. द्या.’

व्हर्नानं खण उघडून मूळ कागद काढून दिला. तो उभ्याउभ्या वाचायला लागला. ओठ हलवत, सगळा, वरपासून खालपर्यंत. दार उघडंच होतं, मी बघत होते. शेवटी एका ओळीवर बोट ठेवलं.

‘हे इथं लिहिलंय.’

‘हो.’

‘आधीपासून?’

‘आधीपासून. तेव्हा तू पत्ते पिसत होतास.’

त्यानं कागदाची घडी केली, आतल्या खिशात घातली आणि गेला. आभार नाहीत, काही नाही. पेल्कोला.

शरद लागताच साहेबांनी सूचना काढली, की या शाळेतून यापुढं अर्ली डिसिजनचे अर्ज जाणार नाहीत. व्हर्नानं ती सूचना दाराखाली पाचरीसारखी सरकवली. तिचं दार तसंही आपोआप मिटायचं. आणि पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी ती माझ्याकडे आली. या वेळी कोट मी आधीच घालून बसले होते.

मागच्या सीटवर टोइवोची लेक होती, इंगा. हो, त्याच टोइवोची, फावडं देणाऱ्याची. कॉलेजही तेच, समुद्रकाठचं. आणि टोइवोही ‘बघू’ म्हणून कँपवर पळाला होता. घरचीच रीत.

आम्ही आत गेलो. पास्ट्या, पत्ते, सगळं तसंच. फक्त खिडकीपाशी नारिंगी कोटात मार्नी बसली होती. सुट्टी काढून आली होती, आणि कँपवर बाई का, म्हणून कुणी चकार शब्द काढत नव्हतं. टोइवोनं व्हर्नाला पाहिलं आणि सुरुवात केली, ‘बाई, मी जुनी कारसुद्धा...’

‘गप रे,’ रेनो म्हणाला.

तो उठला. भिंतीवर आजोबांनी मारलेल्या हरणाची शिंगं आहेत, त्यांच्या मधोमध खिळ्याला एक कागद लावलेला होता. मी तो लगेच ओळखला. खालच्या एका ओळीखाली जाड पेन्सिलीनं रेघ ओढलेली होती. रेनोनं तो काढला, टोइवोच्या पत्त्यांवर ठेवला आणि पेन बाजूला ठेवलं.

‘आधी हे वाच, मग सही कर. मी न वाचता केली होती. माझ्या पोरीनं वाचलं होतं.’